थांबावे की पुढे जावे? : पीएचपीमधील त्रुटी-हाताळणीवर एक संवाद

पीएचपी ही वेब सर्व्हरवर चालणारी स्क्रिप्टिंग भाषा आहे. स्क्रिप्ट चालू असताना फाइल सापडली नाही, अ‍ॅरेमध्ये नसलेला घटक मागितला गेला किंवा मेमरी संपली, तर ही भाषा ते दोन प्रकारे कळवते. जुना प्रकार त्रुटीसंदेशाचा. त्यात इंजिन संदेश देते आणि शक्य असेल तेथे पुढच्या ओळीवर जाते. नवा प्रकार एक्सेप्शनचा. त्यात चालू काम तेथेच सुटते आणि नियंत्रण ते एक्सेप्शन झेलणाऱ्या ‘कॅच’ भागाकडे जाते. झेलणारे कोणी नसेल तर स्क्रिप्ट संपते.

रास्मुस लेरडॉर्फ यांनी 1995 मध्ये ही भाषा जाहीर केली, तेव्हा फक्त पहिला प्रकार होता. एक्सेप्शन 2004 च्या पीएचपी 5 मध्ये आले. 2015 च्या पीएचपी 7 ने पूर्वी स्क्रिप्ट जागीच संपवणाऱ्या अनेक त्रुटी झेलता येतील अशा ‘एरर’ वर्गात आणल्या. 2020 च्या पीएचपी 8 ने काही वॉर्निंगनाही तोच दर्जा दिला. शून्याने भागल्यावर पूर्वी वॉर्निंग येऊन स्क्रिप्ट पुढे जात असे. आता एरर फेकली जाते. तरीही जुना प्रकार गेलेला नाही. दोन्ही व्यवस्था एकाच भाषेत शेजारी शेजारी नांदतात, आणि त्यांचा मेळ घालण्याचे काम प्रोग्रामरने लिहिलेल्या हँडलरकडे येते.

हँडलरने नेमके काय करावे, याबद्दल दोन मते आहेत. एक मत म्हणते, त्रुटी दिसताच काम थांबवावे. दुसरे म्हणते, नोंद करावी आणि जमेल तोवर पुढे जावे. सोयीसाठी येथे पहिल्या मताला ‘कडक’ आणि दुसऱ्याला ‘सबुरी’ असे नाव दिले आहे.

त्रुटींच्या पातळ्या आणि हँडलर

पीएचपीतील प्रत्येक त्रुटीपातळीला एक क्रमांक असतो: एरर 1, वॉर्निंग 2, पार्स 4, नोटीस 8, आणि असेच दुपटीने पुढे. कालबाह्य होत चाललेल्या सोयींबद्दलच्या ‘डेप्रिकेटेड’ सूचनेचा क्रमांक 8192 आहे. हे सर्व आकडे 2 चे घात असल्याने कितीही पातळ्या एकाच संख्येत साठवता येतात. ‘एरर रिपोर्टिंग’ ही सेटिंग म्हणजे अशीच एक संख्या. प्रोग्रामरला स्वतः त्रुटी उठवायची असेल तर ‘ट्रिगर एरर’ हे फंक्शन आणि त्यासाठीच्या वेगळ्या पातळ्या आहेत.

‘सेट एरर हँडलर’ हे फंक्शन 2000 सालच्या पीएचपी 4.0.1 पासून उपलब्ध आहे. त्याला आपले फंक्शन दिले की त्रुटी झाल्यावर इंजिन ते बोलावते आणि पातळीचा क्रमांक, संदेश, फाइलचे नाव व ओळ अशा चार गोष्टी त्याच्या हाती देते. हँडलरने ‘फॉल्स’ परत केले तर पीएचपीची नेहमीची व्यवस्था पुढे चालते. दुसरे काहीही परत केले, किंवा काहीच परत केले नाही, तर त्रुटीची दखल घेतली गेली असे मानून स्क्रिप्ट पुढे सरकते.

यातच पहिला खड्डा आहे. हँडलर लिहिला, पण त्यात लॉग करायचे राहिले आणि ‘फॉल्स’ही परत केले नाही, तर त्रुटी पडद्यावर येत नाही आणि लॉगमध्येही जात नाही. नेहमीची व्यवस्था जे आपोआप करत होती, तेही बंद पडते. अशा हँडलरपेक्षा हँडलर नसलेला बरा.

प्रत्येक वॉर्निंगचे एक्सेप्शन करावे का?

कडक : हँडलरमध्ये करण्यासारखे एकच काम आहे. आलेल्या संदेशातून ‘एररएक्सेप्शन’ तयार करायचे आणि फेकायचे. हा वर्ग पीएचपी 5.1 पासून भाषेतच आहे. पातळी, फाइल आणि ओळ तो सोबत घेऊन जातो. लाराव्हेल हे लोकप्रिय फ्रेमवर्क हेच करते. वॉर्निंगनंतर पुढे जाण्यात काय धोका असतो, ते एका हिशेबातून दिसते. एका दुकानाच्या साइटवर पोचवण्याचे शुल्क काढण्यासाठी जेसन या स्वरूपात लिहिलेली दरांची फाइल वाचली जाते. फाइल जागेवर नाही. वाचणारे फंक्शन वॉर्निंग देऊन ‘फॉल्स’ परत करते. तो ‘फॉल्स’ जेसन उलगडणाऱ्या फंक्शनकडे रिकामी अक्षरमाला म्हणून जातो, आणि तेथून मुकाट्याने ‘नल’ मिळतो. ‘नल’मधून दर मागितला की आणखी एक वॉर्निंग येते, दरही ‘नल’च राहतो. वजन गुणिले ‘नल’ म्हणजे शून्य, आणि या गुणाकाराला पीएचपीची काहीच तक्रार नसते. ग्राहकाला शून्य रुपये शुल्काचे बिल जाते. पहिल्याच वॉर्निंगला काम थांबले असते तर हे बिल निघालेच नसते.

सबुरी : हिशेबाच्या पानासाठी हे पटण्यासारखे आहे. पण बातम्यांच्या पानावर वीस बातम्या आहेत आणि त्यातल्या एकीच्या नोंदीत छायाचित्राचा घटक नाही. पीएचपी 8 मध्ये त्यावर वॉर्निंग येते. तिचे एक्सेप्शन केले तर उरलेल्या एकोणीस बातम्याही वाचकाला दिसत नाहीत. एक बल्ब गेला म्हणून घराचा मेन स्विच कोणी बंद करत नाही.

कडक : बल्ब गेला तर नाही; पण शॉर्टसर्किट झाले तर मेन स्विच आपोआप पडतो, आणि तो पडावा म्हणूनच बसवलेला असतो. दोन्हींतला फरक कोडने सांगायला हवा. छायाचित्र नसले तरी चालणार असेल, तर तसे लिहिण्याची सोय पीएचपी 7 पासून आहे. दोन प्रश्नचिन्हांचा ऑपरेटर वापरला की घटक नसल्यास पर्यायी किंमत घेतली जाते आणि वॉर्निंग येतच नाही. एक्सेप्शनची धास्ती असली की प्रोग्रामर हा निर्णय लिहून ठेवतो. नसली की तो निर्णय योगायोगावर सोडला जातो.

सबुरी : नव्याने लिहिल्या जाणाऱ्या कोडबद्दल हे मान्य करता येईल. पण पीएचपीचा मोठा भाग जुना आहे. दहा-पंधरा वर्षे चालत आलेल्या साइटमध्ये अशा वॉर्निंग पानोपानी असतात, आणि तरीही साइट आपले काम करत असते. तेथे एका रात्रीत हा हँडलर बसवला तर सकाळी एकही पान उघडणार नाही. दुसरे असे की, एक्सेप्शन झालेले काम परत फिरवत नाही. डिस्क भरल्यामुळे फाइल अर्धीच लिहिली गेली, तर वॉर्निंगचे एक्सेप्शन होईल, पण अर्धवट फाइल डिस्कवर तशीच राहील.

कडक : अर्धवट फाइल मागे राहते, हे खरे. पण एक्सेप्शनमुळे ती आवरण्याची जागा तरी मिळते. ‘कॅच’मध्ये डेटाबेसचा व्यवहार मागे घेता येतो. पीएचपी 5.5 मध्ये आलेल्या ‘फायनली’ भागात तात्पुरती फाइल पुसता येते, आणि काम यशस्वी होवो वा न होवो, तो भाग चालतोच. वॉर्निंग नुसती लॉगमध्ये लिहून पुढे गेले तर अशी जागा मिळत नाही.

सबुरी : ‘कॅच’ लिहिणारा प्रामाणिक असेल तर. व्यवहारात कडकपणाला कंटाळलेला प्रोग्रामर सगळे झेलणारा रिकामा ‘कॅच’ लिहितो आणि मोकळा होतो. मग त्रुटी थांबवतही नाही आणि लॉगमध्येही जात नाही. रिकाम्या ‘कॅच’पेक्षा लॉगमधली एक ओळ कितीतरी उपयोगी.

रिकामा ‘कॅच’ वाईट, यावर दोन्ही मते एक आहेत. खुद्द भाषा मात्र हळूहळू पहिल्या मताकडे झुकत गेली आहे. पीडीओ या डेटाबेस-थराने पीएचपी 8.0 पासून एक्सेप्शन हेच मूळ वर्तन केले आणि 8.1 मध्ये मायएसक्यूएलआय विस्तारानेही तेच केले. जेसन उलगडताना चूक झाल्यास एक्सेप्शन मागण्याचा पर्याय 7.3 पासून आहे. वरच्या उदाहरणात तो वापरला असता तर शून्याचे बिल दुसऱ्या पायरीवर तरी अडले असते.

‘@’ चिन्हाचा वाद

पीएचपीत एखाद्या विधानापुढे ‘@’ लिहिले की त्या विधानाचा त्रुटीसंदेश दाबला जातो.

कडक : हे चिन्ह वापरण्यावर बंदीच हवी. त्रुटी झाली हे माहीत असूनही ती कोणाला कळू नये, अशी व्यवस्था करण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

सबुरी : फाइल आणि फोल्डरच्या कामात ते कधी कधी अपरिहार्य ठरते. दोन वाचकांच्या विनंत्या एकाच क्षणी येतात आणि दोन्हींना तेच फोल्डर तयार करायचे असते. दोघीही ‘फोल्डर आहे का’ असे पाहतात, दोघींना ‘नाही’ असे उत्तर मिळते, पहिली ते तयार करते आणि दुसरीला वॉर्निंग मिळते. हवे ते फोल्डर मात्र तयार आहे. येथे आधी तपासून काही साधत नाही, कारण तपासणी आणि कृती यांच्या मधल्या क्षणात परिस्थिती बदलते. म्हणून ‘@’ लावून फोल्डर तयार करावे आणि नंतर ते खरोखर आहे का ते पाहावे.

कडक : नंतरची तपासणी असेल तर हरकत नाही. परत आलेली किंमत न पाहता लिहिलेला ‘@’ मात्र दोषच.

या तडजोडीत हँडलरलाही सामील व्हावे लागते, कारण ‘@’ लावले तरी हँडलर बोलावला जातोच. इतकेच काय, एखादी पातळी ‘एरर रिपोर्टिंग’मधून वगळलेली असली तरीही तो बोलावला जातो. त्रुटी दाबलेली आहे की नाही हे हँडलरने स्वतः ओळखायचे असते. पीएचपी 7 पर्यंत ‘@’खाली ‘एरर रिपोर्टिंग’ची किंमत 0 होत असे, म्हणून जुन्या हँडलरांत ‘किंमत शून्य आहे का’ अशी तपासणी सापडते. पीएचपी 8 मध्ये ‘@’ने प्राणघातक, म्हणजे स्क्रिप्ट संपवणाऱ्या, त्रुटी दाबणे बंद झाले, आणि त्याखालची किंमत 4437 झाली. ही संख्या म्हणजे 1, 4, 16, 64, 256 आणि 4096 या न दाबता येणाऱ्या पातळ्यांची बेरीज. त्यामुळे शून्याची तपासणी करणारा जुना हँडलर पीएचपी 8 वर दाबलेल्या वॉर्निंगचेही एक्सेप्शन करतो, आणि कोडची एकही ओळ न बदलता साइट बंद पडते. बिनचूक तपासणी अशी : ‘एरर रिपोर्टिंग’ची चालू किंमत आणि त्रुटीचा क्रमांक यांचा बिटवाइज अँड करावा, उत्तर शून्य आले तर ‘फॉल्स’ परत करून बाजूला व्हावे. ही तपासणी जुन्या आणि नव्या दोन्ही आवृत्त्यांत चालते.

डेप्रिकेशनच्या सूचना

सबुरी : पीएचपी 8.1 मध्ये ‘नल’ न घेणाऱ्या अंगभूत फंक्शनला ‘नल’ देणे डेप्रिकेटेड ठरले. 8.2 मध्ये वर्गात न घोषित केलेला गुणधर्म वस्तूवर आयत्या वेळी तयार करणे डेप्रिकेटेड ठरले. दोन्ही सवयी जुन्या कोडमध्ये सर्रास आढळतात. कडक हँडलर या सूचनांचेही एक्सेप्शन करू लागला, तर आवृत्ती बदलण्याचीच लोकांना भीती वाटेल.

कडक : येथे माघार घेणे योग्य आहे. डेप्रिकेशन म्हणजे आजची चूक नव्हे. पुढच्या एखाद्या मोठ्या आवृत्तीत हे चालणार नाही, अशी ती आगाऊ सूचना आहे. आज निकाल बरोबर येत असताना काम थांबवण्याचे कारण नाही. लाराव्हेलही डेप्रिकेशन एक्सेप्शनमधून वगळते आणि त्यांच्यासाठी लॉगची वेगळी वाट ठेवते. फक्त तो लॉग कोणीतरी वाचला पाहिजे.

हँडलरच्या आवाक्याबाहेर

‘सेट एरर हँडलर’ सगळे पकडत नाही. प्राणघातक एरर, पार्स, कोअर आणि कंपाइल या पातळ्या त्याच्यापर्यंत येतच नाहीत. न झेललेल्या एक्सेप्शनसाठी ‘सेट एक्सेप्शन हँडलर’ आहे. तो चालून झाला की स्क्रिप्ट संपते, मागे फिरता येत नाही. मेमरीची किंवा वेळेची मर्यादा ओलांडल्यावर उरतो तो स्क्रिप्ट संपताना चालणारा ‘शटडाउन’ टप्पा. तेथे ‘एरर गेट लास्ट’ या फंक्शनकडून शेवटची त्रुटी विचारून घेता येते.

कडक : हे तीनही थर प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनमध्ये असले पाहिजेत. एक जरी राहिला तरी त्या वाटेने येणारी त्रुटी कोरे पान दाखवून जाते आणि मागे काय घडले ते कळत नाही.

सबुरी : थर असावेत, पण शेवटच्या थराने फार काही करू नये. मेमरी संपून स्क्रिप्ट पडली असेल तर तेथे सुंदर टेम्प्लेट रंगवायला मेमरी कुठून येणार? सिम्फनी आणि लाराव्हेल ही फ्रेमवर्क सुरुवातीलाच 32,768 बाइटची एक अक्षरमाला राखून ठेवतात आणि अशा वेळी ती सोडून देतात, म्हणजे निदान नोंद लिहिण्यापुरती जागा मिळते. डेटाबेस पडल्याची त्रुटी डेटाबेसमध्येच नोंदवू पाहणारा हँडलरही असाच निरुपयोगी. शेवटच्या थराने फाइलमध्ये एक ओळ लिहावी, साधे पान द्यावे आणि संपावे.

दोन तपशील येथे नेहमी नडतात. पहिला असा की, पीएचपी 5 च्या काळात एक्सेप्शन-हँडलरच्या पॅरामीटरवर ‘एक्सेप्शन’ असा प्रकार लिहिण्याची रीत होती. पीएचपी 7 पासून ‘एरर’ वर्गातील वस्तूही तेथे येतात आणि त्या ‘एक्सेप्शन’ नसतात, त्यामुळे हँडलर स्वतःच कोसळतो. तेथे ‘थ्रोएबल’ हा दोन्हींचा सामाईक प्रकार लिहावा. दुसरा तपशील पार्स त्रुटीचा. इन्क्लूड केलेल्या फाइलमधील व्याकरणदोष पीएचपी 7 पासून झेलता येतो, पण ज्या फाइलमध्ये हँडलर बसवला आहे तिच्यातच दोष असेल तर हँडलर बसण्यापूर्वीच सारे संपलेले असते. म्हणून ती फाइल लहान ठेवावी.

वाचकाला काय, लॉगला काय?

कॉन्फिगरेशन फाइल नसेल तर पीएचपी त्रुटी पडद्यावर दाखवते. प्रत्यक्ष वापरासाठी दिलेल्या नमुना-फाइलमध्ये हे बंद आणि लॉग चालू असते. पडद्यावर आलेला संदेश सर्व्हरवरील फाइलचा मार्ग उघड करतो. कॉल-साखळीची नोंद सोबत असेल तर फंक्शनला दिलेल्या किमती, प्रसंगी डेटाबेसचा पासवर्डही, तिच्यात येऊ शकतो. यासाठी त्या किमती वगळण्याची सेटिंग 7.4 मध्ये आली, आणि ठरावीक पॅरामीटर ‘संवेदनशील’ म्हणून झाकण्याची सोय 8.2 मध्ये.

कडक : शिवाय त्रुटी पडद्यावर दाखवणे चालू असेल तर प्राणघातक त्रुटीनंतरही सर्व्हर 200, म्हणजे ‘सर्व ठीक’, हा कोड पाठवतो. दाखवणे बंद असेल आणि हेडर अजून गेले नसतील तरच 500 जातो. साइटवर नजर ठेवणारी यंत्रणा हाच कोड पाहते. म्हणून पडलेल्या पानाने 500 दिलाच पाहिजे.

सबुरी : आणि माणसाला त्यापेक्षा थोडे अधिक मिळाले पाहिजे. अर्धे रंगलेले पान आउटपुट बफरमधून टाकून द्यावे, त्याच्या भाषेत एक साधे वाक्य द्यावे, आणि एक संदर्भ क्रमांक द्यावा. तोच क्रमांक लॉगमधल्या ओळीवर असेल तर त्याने केलेली तक्रार आणि झालेली त्रुटी लगेच जुळवता येते.

एका हँडलरखाली अनेकांचा कोड

हँडलर संपूर्ण स्क्रिप्टला लागू होतो. कोड कोणी लिहिला हे तो पाहत नाही. वर्डप्रेससारख्या व्यवस्थेत एकाच पानावर मूळ प्रणाली, थीम आणि अनेक प्लगइन यांचा कोड चालतो. एका प्लगइनने सर्व वॉर्निंग एक्सेप्शन करणारा हँडलर बसवला तर दुसऱ्या प्लगइनची क्षुल्लक चूकही साइट पाडते. म्हणून लायब्ररी किंवा प्लगइनने हँडलर कायमचा बसवू नये. अगदी गरज पडली तर आपल्या एका कृतीपुरता बसवावा आणि लगेच ‘रिस्टोअर एरर हँडलर’ने आधीचा परत आणावा. धोरण ठरवण्याचा अधिकार अ‍ॅप्लिकेशनच्या मालकाचा. 2019 च्या वर्डप्रेस 5.2 ने याच जाणिवेतून ‘रिकव्हरी मोड’ आणला. प्राणघातक त्रुटी झाली की पाहुण्याला साधा निरोप दिसतो, प्रशासकाला ईमेलने दुवा जातो, आणि त्या दुव्याने आत आल्यावर दोषी प्लगइन फक्त त्याच्या सत्रापुरते थांबवलेले असते.

निवाडा

दोन्ही मतांचे खरे भांडण कोडच्या वयाबद्दल आणि कामाच्या स्वरूपाबद्दल आहे. नव्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये डेप्रिकेशन वगळता सर्व त्रुटींचे एक्सेप्शन करावे आणि ‘@’ने दाबलेल्यांना बाजूला ठेवावे. जुन्या, चालत्या साइटमध्ये आधी फक्त लॉग करावे, वॉर्निंग एकेक करून निपटाव्यात, आणि लॉग शांत झाला की त्या भागापुरते एक्सेप्शन चालू करावे. मात्र जेथे पैसा, गुण, औषधाचे प्रमाण किंवा कोणाची कायमची नोंद लिहिली जाते, तेथे कोड कितीही जुना असला तरी सबुरीला जागा नाही. न दिसलेले पान पुन्हा उघडता येते. चुकीची नोंद एकदा लिहिली गेली की तिच्यावर पुढचे सगळे हिशेब उभे राहतात.